पहिला आणि तिसरा शनिवार

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी पहाटे चारला उठून पातोळ्या केल्या. परसातली हळदीची पानं आदल्या संध्याकाळीच काढून ठेवलेली, डबा गरम गरम टॉवेलात गुंडाळला, आणि डिचोलीहून पणजी, पणजीहून कदंबाची शटल धरून मडगाव, तिथून परत काणकोणची बस. शंभरेक किलोमीटर. ह्यांचे गुडघे दुखतात पण हे एका शब्दाने बोलले नाहीत, खिडकीला बसून चष्म्याची डबी नुसती उघडायचे आणि बंद करायचे. आम्ही आमच्या नातवाला भेटायला चाललेलो. पावणेदोन वर्षांनी.

हे सगळं लिहू की नको असा बराच विचार केला. पण ओळखीतल्या तीन-चार घरांत आज हीच गत आहे, मुलगा गेला किंवा मुलगी गेली, नाहीतर डिवोर्स झाला, आणि आजीआजोबा नातवंडाच्या फोटोकडे बघत बसलेत, आणि कुणाला काही माहीत नाही की करायचं काय. म्हणून लिहिते.

माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी पावसात बाईकच्या अपघातात गेला. वेर्ण्याला कामाला होता, ड्यूटी करून घरी आलेला, जेवला, आणि मित्राला सोडायला परत बाहेर पडला तो आलाच नाही. त्याचा मुलगा, आमचा बाबू, तेव्हा चार वर्षांचा. बाराव्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना मी सुनेला म्हटलं, तू त्याला त्या रात्री अडवलं असतंस तर आज तो असता. सगळ्यांच्या देखत म्हटलं. ती काही बोलली नाही, हातातली ताटं खाली ठेवून आत गेली. दोन-तीन महिन्यांत ती बाबूला घेऊन काणकोणला माहेरी गेली, आधी फोन उचलायची, मग तेही बंद झालं. मी पुढे कितीतरी महिने लोकांना सांगत राहिले की सुनेने आमचा नातू तोडला, आणि ते बाराव्याचं वाक्य मात्र कुणालाच सांगितलं नाही. आज इथे सांगते, कारण ते गाळून बाकीची गोष्ट सांगणं खोटं होईल.

नातेवाईक म्हणायचे, घराण्याचा मुलगा आहे, कोर्टात जा आणि कस्टडी मागा. मलाही तेच हवं होतं. माझी एक विद्यार्थिनी, चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती, ती आता म्हापशाला वकिली करते, तिच्याकडे गेलो. तिने चहा दिला आणि म्हणाली, बाई, मी स्पष्ट बोलते हां, राग मानू नका. मग तिने जे समजावलं ते मी वहीत उतरवून घेतलं.

आपल्या देशात आजीआजोबांना नातवंडांना भेटण्याचा हक्क देणारा वेगळा असा कायदा नाही. अर्ज होतो तो 1890 सालच्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली, आणि मूल जिथे राहतं तिथल्या जिल्हा कोर्टात होतो, म्हणजे आम्ही डिचोलीचे असलो तरी आमचा अर्ज मडगावलाच. कोर्ट बघतं ते मुलाचं हित. त्यात मुलाचं वय, अर्ज करणाऱ्याची ऐपत आणि वागणूक, नातं किती जवळचं, गेलेल्या आईबापाची काही इच्छा होती का, आणि मूल समजतं असेल तर त्याला काय वाटतं, हे सगळं येतं. आजीआजोबांना मूल मिळालेलं आहे, नाही असं नाही. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका मुलाचा ताबा त्याच्या बाबांच्या आईवडिलांना दिला, मावशी मागत होती तरी दिला, आणि आपल्या समाजात आजीआजोबा नातवंडांची जास्त चांगली काळजी घेतात अशा अर्थाचं म्हटलंही. मी लगेच म्हटलं, मग झालं तर! ती म्हणाली, बाई, त्या मुलाचे आई आणि बाबा दोघंही कोविडमध्ये गेले होते. 2009 मध्ये तर बाप जिवंत असतानाही आईच्या आईला नात मिळाली, पण ती पोर जन्मल्यापासून, आई बाळंतपणात गेल्यापासून, त्या आजीकडेच वाढलेली. आणि 2019 मध्ये उलट झालं, आई कॅन्सरने गेली, मुलगी आजोळच्या माणसांकडे होती, ती सुप्रीम कोर्टाने बापाला दिली. तुमच्या बाबूची आई आहे, धडधाकट आहे, त्याला सांभाळते आहे.

मग तिने मला एक कोरा कागद दिला. म्हणाली, घरी जाऊन लिहून आणा, बाबू तुमच्याकडे होता तेव्हाचा त्याचा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, कोण काय करायचं ते. मी शिक्षिका, असले तक्ते करण्यात माझा हात कोण धरणार, रात्री बसले लिहायला. दात कोण घासून द्यायचं, मी. नाश्ता, मी. बालवाडीत सोडायला आजोबा. गोष्ट सांगायला बाबा. रात्री कुणाच्या कुशीत झोपायचा, तिथे आई. ताप आला तर कुणाकडे द्यायचा नाही म्हणजे नाहीच, आईकडे. पडला, खरचटलं, कुणाला हाक मारायची, आई. कुठली लस कधी झाली ते मला माहीतच नव्हतं, ती फाईल सूनच ठेवायची. कागद पुरा झाला आणि मी बराच वेळ ओट्याजवळ उभी राहिले. दुसऱ्या दिवशी वकिलीणबाईंना फोन केला, म्हटलं कस्टडी नको, भेटायचं तेवढं माग.

एका गोष्टीचं मात्र मला खरंच दुःख आहे. गोव्यात आपला तो जुना पोर्तुगीज सिव्हिल कोड, म्हणजे लग्न-वारसा असल्या गोष्टींचा कायदा, 1867 चा. त्यातलं वारसाचं प्रकरण आता आपल्या 2012 च्या सक्सेशन कायद्यात आलंय. त्याप्रमाणे माझा मुलगा गेला तरी त्याच्या जागी बाबू वारस म्हणून उभा राहतो. उद्या आम्ही दोघं गेलो आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणीची कोर्टातली केस, घातली की ह्या कौलारू घराच्या आणि मागच्या कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, कागदावर त्याचं नाव येणारच, आम्ही ठरवलं तरी त्याला पूर्ण बाजूला काढता येणार नाही. इतकी काळजी कायद्याने घेतलीय, आणि चांगलं केलंय. पण ज्या माडाचा तो उद्या मालक, त्या माडाखाली आजोबांचं बोट धरून त्याने फिरावं याची सोय त्यात कुठे आहे? तिकडे पोर्तुगालने आपला कोड कधीच बदलला, आणि 1995 मध्ये त्यात एक कलम घातलं की आईबापांनी योग्य कारणाशिवाय मुलांना त्यांच्या भावंडांपासून आणि आजीआजोबांपासून तोडू नये. एवढंच, एक वाक्य. आपल्याकडे ते कलम यायला हवं असं मला फार मनापासून वाटतं. सगळा देश गोव्याचा कोड चांगला म्हणून दाखवतो, तर हे वाक्य आपण पहिलं का घालू नये? आमच्या हट्टासाठी नव्हे. बाप गेलेल्या पोराला बापाच्या लहानपणाच्या गोष्टी सांगणारं आमच्याशिवाय दुसरं कोण आहे?

आणि पैशाचं. बरेच जण वकिलाच्या फीला घाबरून गप्प बसतात. 1987 च्या लीगल सर्व्हिसेसच्या कायद्याप्रमाणे बाईमाणसाला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती ते बघत नाहीत. म्हणजे अर्ज आजीने करायचा. तालुक्याच्या कोर्टात कमिटी असते, तिथे विचारा. मला हे कळलं तेव्हा मी शेजारच्या एका बाईला हाताला धरून घेऊन गेले, तिची नात तिला तीन वर्षं दिसलेली नाही.

आमचं प्रकरण मेडिएशनला, म्हणजे मध्यस्थासमोर समेटाला, गेलं. लहानशी खोली, एक टेबल, समोर सून आणि तिचा भाऊ. ती किती बारीक झालेली. मेडिएटर बाईंनी विचारलं आधी कोण बोलणार, तर भाऊ सुरू झाला, आणि तो जे बोलला ते सगळं बाराव्या दिवसाचंच होतं, एक अक्षर खोटं नव्हतं. मी मध्ये काही बोलले नाही. तो थांबल्यावर मी सुनेकडे बघून म्हटलं, बाय, मी चुकले, त्याला कुणीच अडवू शकलं नसतं, तो माझ्या पोटचा होता, मला माहीत आहे तो कुणाचं ऐकायचा नाही. ती टेबलाकडे बघत होती. खूप वेळाने म्हणाली, आई, मी अडवलेलं. दोनदा म्हटलेलं नको जाऊ म्हणून.

हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तीन तारखा लागल्या. शेवटी कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांना मान्य अशा लेखी अटी, झाल्या, महिन्यातला पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते पाच, सुरुवातीला तिच्या माहेरीच आणि ती घरात असताना, दर बुधवारी संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल, आणि चवथीचा, म्हणजे गणपतीचा, दीड दिवस बाबू डिचोलीला, आईसकट. ते आईसकट मी मागितलं.

तर तो पहिला शनिवार. बाबू आता सहाला आलाय, पुढचे दोन दात पडलेत. आम्हाला बघून आईच्या मागे गेला. मी डबा उघडला, हळदीच्या पानाचा वास सगळ्या पडवीत पसरला, मला वाटलं आता येईल, पण नाही आला, त्याला आता चॉकलेट आवडतं म्हणे. मी पुढे काही बोलले नाही, वकिलीणबाईंनी बजावून ठेवलेलं की ओढू नका, रडू नका, मला ओळखलंस का असं तर मुळीच विचारू नका. हे आपले सोप्यावर बसून सवयीने चष्म्याची डबी उघडत होते, बंद करत होते, टक, टक. बाबू पडद्यामागून ऐकत होता. मग हळूच आला, ह्यांच्या हातातली डबी घेतली, कानाशी धरली आणि स्वतः वाजवली. लहानपणी तो ह्यांच्या मांडीवर बसून तेच करायचा, बिजागरी त्यानेच ढिली केलेली. वाजवता वाजवता माझ्याकडे न बघताच म्हणाला, आजी, तूं खंय आशिल्ली? कुठे होतीस तू?

मी म्हटलं, घरा. आमच्या घरा.

त्यानंतर दोन शनिवार झाले. दुसऱ्या वेळी तो आपणहून ह्यांच्याबरोबर बाहेर आंब्याखाली गेला, गाडीच्या चाकात हवा कशी भरतात ते बघायला. सून आणि मी स्वयंपाकघरात होतो, फारसं बोललो नाही, तिने नारळ खवून दिला, मी आमटी केली.

आता चवथ आलीय. मागच्या वर्षी माटोळी, गणपतीवर टांगायची ती फळाफुलांची चौकट, ह्यांनी एकट्यानेच बांधली, नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग सगळं लावलं पण कांगलांची, म्हणजे त्या रानफळांची, जागा मोकळी ठेवली, ती लाल कांगलां कोपऱ्यात बांधायचं काम बाबूचं होतं, त्याचे बाबा त्याला खांद्यावर घ्यायचे. बुधवारच्या कॉलवर त्याने स्वतःच विचारलं, कांगलां हाडलीं? मी म्हटलं आणणार. मग तो म्हणाला, पण मी वर कसा पोचणार? ह्यांना खांद्यावर घेणं आता जमणार नाही आणि ते तसं म्हणायलाही तयार नव्हते, फोन धरून गप्प राहिले. मागून सुनेचा आवाज आला, स्टूल असेल तर मी धरेन.

सकाळीच मेस्ताला, आमच्या सुताराला, स्टूल करायला बोलावलं. फणसाची फळी आहे घरात. दोन फूट उंच, पाय रुंद, जराही हलता कामा नये असं सांगितलंय.