खंड्याची चतकोर

पहिल्याच दिवशी दुपारच्या पंगतीत माझ्या हातानं सवयीनं भाकरीची चतकोर मोडली आणि ताटाच्या कडेला ठेवली. एकसंबा मागं पडला होता. रस्त्याकडेच्या शाळेच्या व्हरांड्यात दिंडी जेवायला बसली होती. शेजारचे तात्या म्हणाले, "का हो, जात न्हाई?" मी नुसती मान हलवली. चतकोर खंड्याची होती आणि खंड्या जाऊन दीड महिना झाला होता. टाकवेना, खाववेना. शेवटी पंच्याच्या टोकात बांधली आणि पिशवीत सारली.

आमचं गाव कर्नाटकात, सदलग्याच्या बाजूला, दूधगंगेच्या काठावर. 2019 च्या ऑगस्टात पाणी आलं तेव्हा आम्ही गुरं, धान्याची पोती आणि आईला घेऊन उंचावरच्या शाळेत जाऊन राहिलो. तिथं ट्रॉलीतल्या ताडपत्रीखाली एक पिल्लू निघालं. कुणाच्या ट्रॉलीतनं आलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. एका कानाचा तुकडा उडालेला, म्हणून खंड्या. आई माळकरी. सोवळं-ओवळं फार नाही, पण कुत्रं चुलीपाशी आलेलं तिला खपायचं नाही. त्या शाळेत मात्र तिनं मदतीत आलेल्या भाकरीची चतकोर मोडली, चहात भिजवली आणि त्याच्यापुढं ठेवली. तेव्हापासून दोन्ही वेळेला चतकोर त्याची. आई दोन वर्षांमागं गेली, मग ते काम माझ्याकडं आलं.

वैशाखात उसाच्या सरीत घोणस चावली. फोनवर फोन केले, जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. जाता जाता त्यानं माझ्याकडं पाहिलं वगैरे काही नाही. तो जिभेनं पंजा चाटत होता, चाटता चाटता थांबला. आमच्या मंडळींनी देव्हाऱ्यातली चंद्रभागेच्या पाण्याची बाटली आणली, त्याच्या तोंडात दोन थेंब सोडले, वर तुळशीचं पान ठेवलं. बांधाला खड्डा काढला, मीठ घातलं. बघायला आलेल्यांपैकी एकजण हसला, "कुत्र्याला तीर्थ? आता दहावं पण घाला की." मी उत्तर दिलं नाही. पण दहाव्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच आठवलं, हे कबूल करतो.

तर हा प्रश्न बरोबर घेऊन मी यंदा चाललो. आई जिथं असेल तिथं हा आहे का? पन्नाशीच्या माणसानं विचारायचा प्रश्न नव्हे, म्हणून कुणाला विचारला नाही.

दुसरा मुक्काम अंकलीला. माउलींच्या पालखीपुढं चालणारे अश्व इथल्या शितोळे सरकारांचे, हैबतबाबांनी सोहळा सुरू केला तेव्हापासूनचा मान. आम्ही पोचलो तोवर अश्व केव्हाच आळंदीकडं गेले होते. तीनशेवर किलोमीटर ते चालत जातात. दोनातल्या एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी. तिथं माउली बसतात. रिंगणात तो धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं आडवी पडतात. मीही एका वर्षी पडलो आहे, खिशातली तंबाखूची पुडी त्या मातीत गेली ती गेलीच. जनावराला आत्मा असतो का, असं त्या वेळी कुणी विचारत नाही.

रात्रीच्या कीर्तनात महाराजांनी नामदेवांचं कुत्रं घेतलं. कोरडी भाकरी घेऊन कुत्रं पळतं, नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावतात, देवा, कोरडी खाऊ नका. मग कुत्र्यातनं विठ्ठल प्रगटतो. टाळ्या झाल्या. मला मात्र तिथंच खटकलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण आता वाटलं, मग कुत्र्याचं काय झालं? विठ्ठल बाहेर आला म्हणजे आत कुत्रं नव्हतंच की. धर्मराजाचंही तसंच. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही म्हणाला, आणि कुत्रं निघालं यमधर्म. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात माउली गजेंद्राचं, म्हणजे हत्तीचं, सांगतात, मगरीनं धरल्यावर त्यानं देवाला आठवलं आणि त्याचं पशुपणच नाहीसं झालं. तिथंही हत्ती हत्ती राहिला नाही. आमच्या कथांत जनावराला दार उघडतं, पण आत जाताना कातडं बाहेर ठेवावं लागतं. खंड्याच्या आत कुणी नव्हतं. तो पोस्टमनवर भुंकायचा, शेणात लोळायचा, आईच्या गोधडीवर चोरून झोपायचा. त्यातलं काही वजा करून मिळणार असेल तर मला तो ओळखू यायचा नाही.

एकच दिलासा सापडला. माउलींनी ज्याच्या तोंडून वेद बोलवले, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे. रेड्याची, रेडा म्हणून. लोक जाऊन डोकं टेकतात.

कीर्तन संपल्यावर महाराज पायाला तेल चोळत बसले होते. धीर करून विचारलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "चौऱ्याऐंशी लक्ष योनी. जनावराची भोगयोनी. त्याला पाप नाही, पुण्य नाही. भोग सरला की पुढं."

"म्हणजे वैकुंठ नाही?"

"माउली, वैकुंठ हवंय कुणाला? आपण वारकरी. मुक्ती नको, पुन्हा जन्माला घाल, असंच मागतो आपण देवाकडं."

शास्त्राला धरून होतं. पण उत्तर माझ्याबद्दल मिळालं, खंड्याबद्दल नाही. मी त्यांच्या पाया पडलो आणि झोपायला गेलो. झोप आली नाही. श्राद्धाला आपण कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढतो, तो यमाच्या दोन कुत्र्यांच्या नावानं, श्याम आणि शबल. म्हणजे दारातच दोन बसलेत. गावातल्या कुत्र्यांत नवं कुत्रं शिरलं की काय होतं ते मी पाहिलंय. खंड्या भांडखोर नव्हता, पण ऐकूनही घ्यायचा नाही. त्या विचारानं अंधारात हसू आलं.

तिसऱ्या दिवशी कृष्णेचा पूल ओलांडला. पाणी गढूळ, काठ सोडायला लागलेलं. तात्या म्हणाले, "पिशवीतलं सोडा की पाण्यात, माशांना तरी." त्यांनी पहिल्या दिवसापासून बघितलं होतं तर. मी कठड्याशी थांबलो, गाठ सोडली, परत मारली. ज्या पाण्यानं तो आणला त्याच पाण्यात त्याचं जेवण टाकायचं माझ्या मनाला पटेना. विणेकरी पुढं निघून गेले होते, धावत गाठावं लागलं. डाव्या टाचेचा फोड तिथंच फुटला.

कागवाडला आमचा कर्नाटकातला शेवटचा मुक्काम. पुढं म्हैसाळ, पाट्या बदलतात. रायबागकडनं आलेले एक अज्जा दोन दिवस आमच्यात चालत होते. मराठी मोडकं, पण टाळ पक्का. अभंग संपता संपता कानडीत काहीतरी पुटपुटायचे, त्यातलं विठ्ठला एवढंच कळायचं. पहाटे काकड्याआधी पाण्याच्या टँकरमागं आम्ही दोघंच चहा घेत होतो. मी टाचेला लावायला पिशवीत हळदीची पुडी शोधत होतो आणि चतकोरी बाहेर पडल्या. पाच का सहा. पहिल्या दिवसाची तर खापरीसारखी वाजली.

"येवढं कशाला साठवतोस रं तम्मा?"

सांगितलं. कुत्रं होतं, त्याची आहे.

"नायी?"

"हो अज्जा. कुत्रं."

त्यांनी मान आडवी हलवली. "नायी अल्ल तम्मा. मनी मग." कुत्रं नव्हे, घरचा पोर.

एवढंच. मग त्यांनी त्यातली सगळ्यात जुनी चतकोर उचलली, गुडघ्यावर आपटून दोन तुकडे केले आणि एक स्टीलच्या पेल्यात बुडवला. वरचे दात नव्हते त्यांना. तुकडा मऊ व्हायची वाट बघत पेला दोन्ही हातांत धरून बसले. चहावर भाकरीचे कण तरंगायला लागले. पलीकडं काकड्याला मृदंग लावून बघत होते. तुकडा नरम झाल्यावर त्यांनी तो बोटानं दाबून पाहिला, तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला.

"उद्याच्याला चटणी लाव की जरा," म्हणाले.

म्हैसाळच्या पंगतीत ते माझ्या डाव्या हाताला बसले. मी चतकोर मोडली, ताटाच्या कडेला ठेवली आणि तिच्यावर चटणी वाढायला सांगितली.