इटियाडोहचं पाणी आणि नमुना ६

आज गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावात निवडणुकीच्या गोष्टी निघाल्या. धानाचा बोनस, बारदाना, इटियाडोह धरणाचं पाणी. मत पडते ते यावरच. शेजारच्या नॉर्ग्येलिंग वसाहतीत १९७२ पासून तिबेटी निर्वासित आहेत, पण धोरण विचारलं की सारे गप्प. धोरण तरी कुठं आहे म्हणा! निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, निर्वासितांबाबतच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. या तिबेट्यांचं सारं परदेशी म्हणून मिळालेल्या नोंदणी प्रमाणपत्रावर चालते. मात्र २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान भारतात जन्मलेला जन्मानंच नागरिक. मतदार यादीत नाव घालायला त्यानं नमुना ६ हा अर्ज भरायचा, जन्मदाखला जोडायचा. घोडं अडते दाखल्यापाशीच. बाळंतपण घरी झालेलं, नोंद राहून गेलेली, आणि वर्ष उलटल्यावर नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागते.