लिरा कोणत्या देशाचा?

१९९३ च्या उन्हाळी सुट्टीत मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका संगणक वर्गाला जात असे. चपला बाहेर काढून आत जायचे, एका यंत्रापुढे तिघांनी बसायचे आणि शनिवारच्या शेवटच्या वीस मिनिटांची वाट पाहायची, कारण तेवढा वेळ सर आम्हाला खेळू देत. खेळ एकच होता: ‘व्हेअर इन द वर्ल्ड इज कार्मेन सँडिएगो’. अमेरिकेतल्या ब्रॉडरबंड कंपनीने तो १९८५ मध्ये काढला होता.

आपण अ‍ॅक्मे या गुप्तहेर संस्थेतले नवशिके हेर असतो. कार्मेनच्या टोळीतला कोणीतरी मौल्यवान वस्तू चोरून पळालेला असतो आणि जगातल्या तीस शहरांमधून त्याचा माग काढायचा असतो. प्रत्येक शहरात तीन ठिकाणी चौकशी करता येते. कोणी सांगतो की त्याने अमुक चलन मागितले, कोणी सांगतो की तो तमुक रंगांचा झेंडा असलेल्या देशात गेला. चौकशीत तास जातात, प्रवासात जातात, रात्रीच्या झोपेतही जातात, आणि मुदत रविवारी संध्याकाळी पाचला संपते. चोराचे केस, छंद, वाहन असे तपशील जमवून दहा संशयितांपैकी एकाच्या नावाने वॉरंटही मिळवावे लागते, नाहीतर चोर समोर येऊनही हातचा निसटतो.

मूळ खोक्यात या खेळाबरोबर ‘वर्ल्ड अल्मॅनॅक’ हा जाडजूड संदर्भग्रंथ मिळत असे. आमच्या वर्गात फक्त फ्लॉपी, म्हणजे खेळ साठवलेली पातळ चकती होती. त्यामुळे शनिवारी अडलेले प्रश्न मी वहीत लिहून घरी आणत असे आणि वडिलांनी स्पर्धा परीक्षेसाठी घेतलेल्या १९८७ च्या इयरबुकात उत्तरे शोधत असे. नकाशावर बोट ठेवून देश शोधायची गोडी मला शाळेतल्या भूगोलाने नव्हे, त्या वहीने लावली.

या दिवाळीत सातवीतली भाची आली असताना तो खेळ तिला दाखवायचे ठरवले. वर्ग बंद होताना सरांनी दिलेली सव्वापाच इंची फ्लॉपी मी इतकी वर्षे जपून ठेवली होती, पण कोल्हापूरच्या तीस पावसाळ्यांनी आपले काम केले होते. खाचेतून दिसणाऱ्या तपकिरी चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके उमटले होते. तसेही ती वाचणारे यंत्र आता घरात नव्हतेच. शेवटी इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावरच्या जुन्या डॉस (त्या काळची संगणक प्रणाली) खेळांच्या संग्रहात तो सापडला. तिथे तो ब्राउझरमध्येच चालतो, वेगळे काही बसवावे लागत नाही.

खरी अडचण पुढेच होती. दुसऱ्याच शहरात साक्षीदाराने सांगितले की चोराने पैसे बदलून लिरा घेतले. भाचीने फोनवर पाहिले आणि म्हणाली, “मामा, लिरा म्हणजे तुर्कस्तान. चल इस्तंबूलला.” इस्तंबूलमध्ये चोराला कोणीही पाहिलेले नव्हते. अर्धा दिवस फुकट गेला, मुदत संपली आणि चोर निसटला. तिचे उत्तर आजच्या जगापुरते अगदी बरोबर होते, पण हा खेळ १९८५ च्या जगात थांबलेला आहे. तेव्हा इटलीचेही चलन लिरा होते आणि सॅन मारिनोचेही. युरोच्या नोटा आणि नाणी व्यवहारात आली ती २००२ मध्ये. या खेळात बीजिंग अजून पेकिंग आहे आणि मॉस्को सोव्हिएत संघाची राजधानी आहे.

मी माळ्यावरून ते इयरबुक काढले. पाने पिवळी पडली होती, पाठीचा डिंक सुटला होता. तिला म्हणालो, “फोन बाजूला ठेव. आता यातच शोधायचे.” दुसऱ्या दिवशी नव्या प्रकरणात पुन्हा लिरा आले, तेव्हा तिने घाई केली नाही. तुर्कस्तान, इटली, सॅन मारिनो ही तिन्ही नावे कागदावर लिहिली आणि त्याच शहरातल्या दुसऱ्या ठिकाणी चौकशी केली. तिथे झेंडा पांढरा आणि निळा असल्याचे कळले. तुर्कस्तानचा झेंडा लाल, इटलीचा हिरवा-पांढरा-लाल. “सॅन मारिनो!” ती जवळजवळ ओरडलीच. एका धाग्यावर विसंबून विमानात बसायचे नाही हे मला लहानपणी उमगायला महिना लागला होता, तिला दोन दिवस लागले.

सॅन मारिनोची नोंद उघडली, तर तिथे समासात पेन्सिलची फिकट झालेली बरोबरची खूण होती. ती माझीच. भाचीने तिच्याशेजारी आपली खूण केली, तारीख घातली आणि मगच खेळाकडे वळली. शनिवारी रात्री वॉरंट हातात आले, रविवारी दुपारी चोर पकडला गेला, आणि घड्याळात अजून दोन तास शिल्लक होते.