शार्क मारून टाकले तर? तुम्ही विचारलंत म्हणून

ऑस्ट्रेलियात कुणावर शार्कने हल्ला केल्याची बातमी झळकली की पुढचे आठ दिवस एकच प्रश्न ऐकू येतो: 'अहो, किनाऱ्याजवळ येणारे शार्क सरळ मारून का टाकत नाहीत? निदान जाळी तरी लावा म्हणावं.' विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मुलंबाळं सिडनीत नाहीतर पर्थमध्ये असतात, त्यामुळे प्रश्नामागची काळजी खरी असते. म्हणून जरा सविस्तर.

सुरुवात जाळीपासून. 'शार्क नेट' म्हटलं की डोळ्यांसमोर खिडकीला लावतात तशी जाळी येते: आत आपण, बाहेर डास. सिडनीच्या परिसरात 1937 पासून जी लावतात ती तशी नाही. एक जाळं 150 मीटर लांब आणि 6 मीटर उंच, त्याचा आस, म्हणजे जाळ्याच्या एका भोकाचं माप, 60 सेंटिमीटरचा. किनाऱ्यापासून साधारण अर्धा किलोमीटर आत, 10 ते 12 मीटर पाण्यात ते तळालगत सोडलेलं असतं. किनारा किलोमीटरभर पसरलेला असला तरी जाळं दीडशे मीटरच. शार्क त्याच्यावरून जातो, बाजूने जातो. अडकलेल्या शार्कपैकी सुमारे 40 टक्के जाळ्याच्या किनाऱ्याकडच्या बाजूला सापडतात, म्हणजे पोहणाऱ्यांच्या दिशेने जाऊन परत फिरताना. वेसाव्याच्या कुठल्याही कोळ्याला ही मापं सांगा, तो लगेच म्हणेल की हे गिलनेट आहे, मासे धरायचं. आणि ते तसंच काम करतं. शार्कला अडवणं हा त्याचा हेतूच नाही. धरून, गुदमरवून त्या पट्ट्यातली संख्या कमी ठेवायची, एवढंच. तेव्हा 'मारू नका, जाळी लावा' हा मधला मार्ग नव्हे. जाळी लावणं म्हणजे मारणंच, फक्त ऐकायला सौम्य वाटतं.

खरं कुंपणही असतं. केपटाउनजवळ फिश होकला 2013 पासून बारीक आसाचं जाळं तळापासून पृष्ठभागापर्यंत लावतात. सकाळी घालायचं, संध्याकाळी काढायचं. त्यात शार्क मरत नाही, बाकी काही अडकत नाही. पण असं जाळं शांत उपसागरातच टिकतं. मोठ्या लाटा फुटणाऱ्या किनाऱ्यावर ते पहिल्याच वादळात फाटून जातं, आणि सर्फिंग करणारे नेमके तसेच किनारे शोधत असतात.

आता मारण्याने फरक पडतो का? डर्बनकडे पाहिलं तर पडतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. 1943 ते 1951 या काळात तिथल्या किनाऱ्यांवर शार्कच्या हल्ल्यात सात जण दगावले. 1952 मध्ये जाळी आली आणि डर्बनमध्ये पुन्हा कुणी दगावलं नाही. शार्क वाचवा म्हणणारे हा आकडा टाळतात, ते मला पटत नाही. मात्र त्याची किंमत दरवर्षी मोजावी लागते: त्याच जाळ्यात कासवं, डॉल्फिन आणि पाकटांसारखे चपटे मासेही अडकतात. कासव आणि डॉल्फिन हवेसाठी वर येऊ न शकल्याने बुडून मरतात.

हवाईत उलटा अनुभव आला. 1959 ते 1976 दरम्यान तिथे 4,668 शार्क मारले, त्यांत 554 टायगर शार्क. हल्ल्यांच्या प्रमाणात मोजता येईल असा फरक पडला नाही. टायगर शार्क एका बेटाजवळ घर करून राहत नाही, शेकडो किलोमीटर भटकतो. आज एक मारला तर उद्या तिथे दुसरा हजर.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं प्रकरण तर हमखास कुणीतरी काढतं. काही वर्षांत लागोपाठ माणसं दगावल्यावर सरकारने 2014 च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये ड्रमलाइन लावल्या. ड्रमलाइन म्हणजे तळाला नांगर, वर तरंगता बोया आणि मध्ये साखळीला आमिष लावलेला मोठा गळ. तीन मीटरहून मोठा टायगर, बुल किंवा ग्रेट व्हाइट जातीचा शार्क लागला तर गोळी घालायची, बाकीचे सोडायचे. एकूण 172 शार्क लागले, त्यांतले 163 टायगर. ज्याच्यामुळे हा सगळा खटाटोप सुरू झाला तो ग्रेट व्हाइट एकही लागला नाही! त्याच वर्षी राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाने योजना पुढे चालू न ठेवण्याची शिफारस केली. लहान म्हणून सोडायचे होते त्यांतलेही काही गळावरच मेले. बऱ्याच शार्कना श्वासासाठी पोहत राहावं लागतं. गळाला तासन्‌तास जखडलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही.

म्हणून न्यू साउथ वेल्समध्ये आता 'स्मार्ट' ड्रमलाइनवर भर आहे. गळाला एक बोय मासा लावतात. शार्कने ओढ दिली की बोयावरचं चुंबक सुटतं आणि उपग्रहामार्फत बोटीवाल्यांच्या फोनवर इशारा येतो. अर्ध्या तासाच्या आत बोट पोचते, शार्कला कडेला घेऊन टॅग लावते आणि किनाऱ्यापासून किलोमीटरभर आत समुद्रात नेऊन सोडते. पुढे तो किनाऱ्याजवळच्या, टॅगचा संकेत टिपणाऱ्या यंत्रापाशी आला की शार्कस्मार्ट या मोबाइल ॲपवर सूचना मिळते. यातही अडचणी आहेत. हे गळ दिवसाच लावतात, समुद्र खवळलेला असेल तर लावतच नाहीत, आणि दर थोड्या अंतराला बोट व माणसं सज्ज ठेवायची म्हणजे खर्च बराच. तरी पैसे घालायचेच असतील तर माझं मत याच्या आणि वरून शार्क हेरणाऱ्या ड्रोनच्या बाजूने.

मुंबईत यातलं काय चालेल? जवळपास काहीच नाही. जुहूचा उतार इतका हळू आहे की दहा मीटर खोली गाठायला काही किलोमीटर आत जावं लागतं. उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, त्या ओढीत जाळं आडवं होईल. पाणी गढूळ, म्हणजे ड्रोनला शार्क दिसणार नाही. आणि मुळात गरजच नाही. ससून डॉकला उतरते ती मुशी हातभर लांबीची, रश्श्यात जाते किंवा बाळंतिणीसाठी राखून ठेवतात. मोठे शार्क ट्रॉलर आणि गिलनेटवाल्यांनी कधीच कमी केले. व्हेल शार्कला 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, शार्कच्या परांची निर्यात 2015 पासून बंद आहे. म्हणजे आपला प्रश्न शार्क वाचवण्याचा आहे.

'मग मनोरचं काय?' हे ओघाने येतंच. फेब्रुवारी 2024 मध्ये मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने मासेमारी करणाऱ्या तरुणाचा पाय तोडला. खाडीत आणि नदीत शिरणारा मोठा शार्क म्हणजे बुल शार्क, तो गोड्या पाण्यातही राहू शकतो. धोका नाकारायचा नाही, पण असे प्रसंग इथे इतके विरळ आहेत की त्यांच्यासाठी योजना आखण्यापेक्षा रक्त थांबवायला शिकणं उपयोगी. शार्कच्या चाव्याने माणूस दगावतो तो बहुतेकदा रक्तस्रावाने. जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, रुंद पट्टा रक्त थांबेपर्यंत करकचून आवळायचा, वेळ लिहून ठेवायची आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सैल करायचा नाही.

सिडनीवाल्यांसाठी: लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहा, पहाटे आणि संध्याकाळी नको, मोठ्या पावसानंतर नदीच्या मुखाशी नको, पक्षी सूर मारताना दिसले तर बाहेर या, कारण खाली माशांचा थवा असतो.

आपल्याकडे लोकांचा जीव जातो तो आक्साच्या किनाऱ्यावर बुडून, आणि जखमी होतात ते विसर्जनाच्या गर्दीत अनवाणी पाय पाकटावर पडून. 2013 मध्ये गिरगाव चौपाटीवर तसंच झालं होतं. गमबूट घाला, पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूतून सरकवत चला, म्हणजे पाकट आधीच निसटतं. त्याच्या शेपटीचा काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांच्या, पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याचा अंदाज दुखऱ्या पायाने घेऊ नका, हाताने घ्या. काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर तो उपटायचा नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं.