रविवारचं डाऊनटाऊन

रविवार, रात्र

पाय बोलताहेत, पण लिहूनच झोपते. आज आईला फिलाडेल्फिया दाखवलं.

इथल्या आपल्या लोकांचा डाऊनटाऊनशी, म्हणजे शहराच्या मध्यभागाशी, संबंध पाहुण्यांपुरता. घर सबर्बमध्ये, नोकरी हायवेलगतच्या कुठल्यातरी ऑफिस पार्कात, गणपती आणि दिवाळी भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या हॉलमध्ये. भारतातून कुणी आलं की गाडी काढायची, पार्किंगला डोळे पांढरे होतील एवढे पैसे मोजायचे, उंच इमारतींसमोर फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत घरी. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही मिनियापोलिस, मग ह्यूस्टन, मग काही महिने शिकागो असं करत इथे आलो, आणि प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी पाहुणा आलाच. त्यामुळे डाऊनटाऊन दाखवायचा माझा सराव दांडगा आहे. इमारती किती उंच, याचं मला आता काही वाटत नाही. रविवारी दुपारी चारला रस्त्यावर कोण असतं, ते मी बघते.

ह्यूस्टनला कोणी नसतं. आई तिथे आली होती तेव्हा रविवारीच नेलं, गर्दी नको म्हणून. पंच्याहत्तर मजल्यांची चेस टॉवर, काचेच्या भिंती, स्वच्छ रुंद रस्ते, सिग्नल आपले लाल-हिरवे होताहेत आणि चिटपाखरू नाही. आई म्हणाली, "कर्फ्यू लागलाय का गं?"

तिला दाखवता आलं नाही ते असं, की तिथली माणसं जमिनीखाली असतात. साधारण वीस फूट खाली सहा मैलांहून लांब बोगद्यांचं जाळं आहे, एका इमारतीच्या तळघरातून दुसरीच्या तळघरात. नवऱ्याचं ऑफिस वरच होतं, म्हणून मी कधीतरी त्याच्याबरोबर जेवायला जायचे. अकरा-साडेअकराला जी झुंबड उडायची! टाको, सँडविच, चष्मेवाला, बूटपॉलिशवाला, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली माणसं ताट सांभाळत जागा शोधताहेत. तीन वाजता तिथेच खुर्च्या टेबलांवर उलट्या पडलेल्या. शनिवार-रविवार बोगद्यांना कुलूप. एवढी वर्दळ खाली गेल्यावर वर रस्त्याला उरतं काय, तर पार्किंग गराजची तोंडं आणि काचेच्या लॉबीत बसलेला एक सिक्युरिटीवाला. तिथले लोक उन्हाकडे बोट दाखवतात. ऊन नागपुरातही असतं, आणि सीताबर्डीवर मे महिन्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. डिस्कव्हरी ग्रीन ही बाग २००८ साली झाली, तिथे मुलं कारंज्यात खेळताना दिसतात, तेवढीच हालचाल.

मिनियापोलिसने हाच प्रकार वरच्या मजल्यावर केला. दुसऱ्या मजल्यावरून रस्ता ओलांडणारे काचेचे बंद पूल, त्यांना स्कायवे म्हणतात. पहिला १९६२ चा. सगळे थंडीमुळे म्हणतात, आणि जानेवारीत उणे वीस असताना कोण नाही म्हणेल? पण थंडी तर आधीही होतीच. १९५६ साली शेजारच्या ईडायना गावात साउथडेल मॉल उघडला, पूर्ण छप्पर असलेला, आत कायम वसंत ऋतू. गिऱ्हाईक गाड्या घेऊन तिकडे वळलं, तेव्हा डाऊनटाऊनवाल्यांना स्वतःचंच छप्पर घालावं लागलं. त्याच वर्षी देशभरच्या हायवेंचा कायदा झाला, म्हणजे घर लांब घ्यायलाही रान मोकळं. अमेरिकेतल्या बहुतेक डाऊनटाऊनांची वाट याच दोघांनी लावली: हायवेने राहणारे नेले, मॉलने खरेदी करणारे. राहिले ते ऑफिसवाले, आणि कोविडनंतर तेही घरून कामाला बसले. मिनियापोलिसला तर भिंतींनाही खालची दारं नकोशी झाल्यासारखी वाटतात, दुकानं सगळी वर.

पिट्सबर्गबद्दल थोडक्यात. आपली माणसं तिकडे जातात ती बालाजीला, आणि ते देऊळ सबर्बात. आम्हीही दर्शन घेऊन परत फिरणार होतो, पण नवरा म्हणाला, आलोच आहोत तर बघू. अलेगेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या मिळून ओहायो होते, आणि त्या संगमाच्या बेचक्यात सगळं डाऊनटाऊन बसलंय, पिवळ्या पुलांनी चहूकडे बांधलेलं. १८७७ चा ड्यूकेन इन्क्लाइन, म्हणजे दोरीने ओढला जाणारा लाकडी डबा, टेकडीवर नेतो. वरून दिसतं ते अमेरिकेतलं सर्वात देखणं डाऊनटाऊन, माझ्यापुरतं. खाली उतरून चाललो तर अर्ध्या तासात संपलं. ते लांबूनच बघावं.

शिकागोची गोष्ट वेगळी. तिथे माणूस रस्त्यावर आहे, आणि डोक्यावर 'एल' गाडी. वॉबॅश अॅव्हेन्यूवर लोखंडी खांबांची रांग, रुळांच्या फटींतून खाली पडणारे उन्हाचे पट्टे, आणि गाडी गेली की बोलणं अर्ध्यावर थांबवून सगळे नुसते एकमेकांकडे बघतात; गाडी गेल्यावर वाक्य जिथं सोडलं तिथून पुढे. मला हा गोंगाट फार आवडायचा. खाली सोनारांची दुकानं ओळीने, त्यामुळे आईची गाडी तिथेच अडकली. भाव विचारले तिने, घेतलं काही नाही. दोन चौक पलीकडे आर्ट इन्स्टिट्यूट, जिथे ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद बोलले. बाहेरच्या सिंहांपाशी आईने हात जोडले, कोण बघतंय याची फिकीर न करता. मग मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरच्या 'बीन' या चकचकीत शिल्पात आम्ही दोघी बुटक्या आणि जाड दिसून घेतलं. रविवारी दुपारी तिथे शिकागोचं सगळं गाव लोटलेलं असतं, मेक्सिकन आजोबांपासून नवरा-नवरीच्या फोटोग्राफरपर्यंत. पण लूपमधून, म्हणजे तिथल्या डाऊनटाऊनमधून, हीच माणसं तळ्याकडे निघाली की मागचा बँकांचा भाग थंड पडतो, हेही खरं.

आणि म्हणून मला फिलाडेल्फिया आवडतं. इथे कुणी भारावून जात नाही, मीही सुरुवातीला नाकच मुरडलं होतं. सबवेच्या जिन्यात वास येतो, कचरा आहे, ब्लँकेट पांघरून झोपलेली माणसं आहेत, आई त्यांच्याकडे बघून गप्प होते. तरी आज आम्ही लोकलने उतरून रीडिंग टर्मिनल मार्केटात शिरलो ते तासभर बाहेरच पडलो नाही. जुन्या स्टेशनच्या फलाटांखालचा हा बाजार १८९३ पासून चालू आहे. रविवार म्हणून लँकेस्टरकडच्या आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे गाळे बंद होते, तरी उभं राहायला जागा नव्हती. आईला आंब्याचं आईस्क्रीम हवं होतं. व्हॅनिलावर भागवलं.

तिथून सिटी हॉल. ब्रॉड आणि मार्केट या दोन मोठ्या रस्त्यांच्या बरोबर मध्ये ही इमारत आडवी उभी केलीय, आणि लोक तिला वळसा घालत नाहीत, कमानींखालून आरपार जातात. कमानीत एक जण सॅक्सोफोन वाजवत होता, घुमत होता आवाज. वर कळसाला विल्यम पेनचा ३७ फुटी पुतळा. १९८७ पर्यंत त्याच्या टोपीहून उंच काही बांधायचं नाही, असा नुसता तोंडी करार पाळला गेला, कायदा वगैरे नाही. मग वन लिबर्टी प्लेसने तो मोडला. आई म्हणाली, "एवढी वर्षं पाळला, तेच खूप झालं."

या गावात रविवारी माणसं दिसतात कारण ती इथे राहतात. रिटनहाउस चौकाच्या आसपास विटांची जुनी चिकटून बांधलेली घरं कधी पडलीच नाहीत, आणि १९९७ पासून जुन्या ऑफिसांची घरं करणाऱ्यांना शहराने दहा वर्षं करात सवलत दिली. त्यामुळे कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, कुत्री फिरवणारे आहेत, दुधाचा गॅलन हातात घेऊन सिग्नलला थांबलेली बाई आहे. वॉनामेकरच्या इमारतीतलं मेसीज हे मोठं दुकान गेल्या वर्षी, २०२५ ला, बंद झालं. ह्यूस्टनमध्ये असतं तर तो चौक मेलाच असता. इथे आम्ही त्याच्यासमोर बाकावर जागा मिळायची वाट बघत उभ्या होतो.

परतीच्या गाडीत हे सगळं आईला मोठ्या उत्साहाने ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला विचारशील तर ते पुलांचं गाव सगळ्यात चांगलं." ती मिनियापोलिसला माझ्या बाळंतपणासाठी आली होती, ऐन जानेवारीत. बाळाला बाबागाडीत घालून रोज दुपारी स्कायवेमधून फिरायची, खाली बर्फ, वर ही नुसत्या स्वेटरवर. "ना थंडी, ना गाड्या, ना जिने. तान्हं पोर घेऊन तुझ्या त्या कमानीत शिरली असतीस का?"

नसते शिरले. पण म्हणून स्कायवे चांगला होत नाही, असं मी म्हणाले, आणि आमचं स्टेशन एक्स्टन येईपर्यंत आम्ही त्यावर भांडलो.