किचनचा एक्झॉस्ट डक्टच्या तापमानावर चालवला: माझा अनुभव

गोव्यात कळंगुटच्या पट्ट्यातल्या रेस्टॉरंटचं किचन दुपारी तीननंतर थंडावतं, पण हूडचा ब्लोअर संध्याकाळपर्यंत पूर्ण वेगानं ओढत राहतो. विजेचा हिशेब सरळ आहे: हवा वेगाच्या प्रमाणात बदलते, मोटरवरचा भार वेगाच्या घनात. ८० टक्के वेगाला भार जवळपास निम्मा, ५० टक्क्यांना साडेबारा टक्के. म्हणून अशा एका किचनमध्ये मी २.२ किलोवॉटच्या थ्री फेज मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) लावून वेग डक्टमधल्या तापमानावर सोपवला.

आधी १० किलोओहमचा पॉट (नॉबनं फिरवायचा बदलता रेझिस्टर) लावून ड्राइव्ह तपासला. पॉटची दोन टोकं +१० व्होल्ट आणि कॉमनला, मधला पाय अ‍ॅनालॉग इनपुटला. टोकं उलटी लागली तर नॉब उलटा चालतो, एवढंच. मधला पाय चुकून +१० व्होल्टला गेला तर मात्र नॉब एका टोकाला नेताच १० व्होल्टचा सप्लाय शॉर्ट होतो.

कायमच्या वापरासाठी तापमानानुसार करंट देणारा ४ ते २० मिलिअँपिअरचा टू-वायर ट्रान्समीटर घेतला, रेंज ० ते १०० अंश. व्होल्टेज सिग्नलमध्ये शून्य म्हणजे ‘थांब’ की ‘तार तुटली’, हे ड्राइव्हला कळत नाही. इथे ४ च्या खाली गेलं की तार तुटलीच. अशा वेळी ड्राइव्ह ट्रिप होऊ (आपोआप बंद पडू) न देता ४० हर्ट्झवर (पूर्ण वेग म्हणजे ५० हर्ट्झ) चालू राहील असं सेटिंग ठेवलं. चुली पेटलेल्या असताना एक्झॉस्ट बंद पडणं परवडत नाही.

जोडणी अशी: २४ व्होल्टचा प्लस ट्रान्समीटरच्या प्लसला, ट्रान्समीटरचा मायनस ड्राइव्हच्या अ‍ॅनालॉग इनपुटला. २४ व्होल्ट बाहेरच्या सप्लायचे असतील तर त्याचा मायनस ड्राइव्हच्या अ‍ॅनालॉग कॉमनला जोडावाच लागतो. नेमकी हीच तार राहून जाते आणि मग ‘सेन्सर खराब’ म्हणून बदलला जातो. इनपुट व्होल्टेज घेणार की करंट हे ठरवणारा ड्राइव्हवरचा जंपर सप्लाय देण्याआधी करंटवर आणा. तो व्होल्टेजवर राहिला तर इनपुटमधून करंट जायला वाटच नसते, टर्मिनलवरचं व्होल्टेज वर चढतं, पंखा गार डक्टमध्येही पूर्ण वेग धरतो आणि इनपुट जळण्याची भीती असते ती वेगळीच.

स्केलिंग: ४० अंशांना १०.४ मिलिअँपिअर, ६० अंशांना १३.६. ड्राइव्हमध्ये १०.४ ला २५ हर्ट्झ आणि १३.६ ला ५० हर्ट्झ दिले. खालची मर्यादा ३५ अंशांवर ठेवू नका, मे महिन्यात बाहेरची हवाच तिथवर जाते आणि पंखा कधी खाली येत नाही. २५ हर्ट्झच्या खाली मी मुद्दाम नेत नाही. मोटरचा स्वतःचा कूलिंग फॅन कमी वेगाला पुरत नाही आणि डक्टमधली हवा मंदावली की इसवण (सुरमई) तळल्याचं तेल आतच बसतं. वेग चढायला ३० सेकंद, उतरायला ६०. ब्लोअरचं चाक जड असतं. झटकन उतरवलं तर मोटर जनरेटर होते आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. पावसाळी वाऱ्यानं बंद पंखा उलटा फिरत असतो, त्यासाठी फ्लाइंग स्टार्ट (फिरत्या मोटरचा वेग ओळखून तिथूनच ताबा घेणं) चालू ठेवला.

सिग्नलची केबल पिळाच्या जोडीची, शिल्डवाली. शिल्ड फक्त ड्राइव्हच्या बाजूला अर्थ. मोटरच्या केबलपासून एक फूट लांब, ओलांडायचीच तर काटकोनात. तरीही वेग एक-दीड हर्ट्झ वरखाली होत असेल तर इनपुट फिल्टर २ सेकंद करा. तापमान एवढं चपळ नसतंच.

खरं डोकं खर्च झालं ते ताज्या हवेच्या पंख्यात. तो एक्झॉस्टच्या मागोमाग चालायला हवा, नाहीतर किचनचं दार ओढता ओढवत नाही. एक्झॉस्टच्या ड्राइव्हचा अ‍ॅनालॉग आउटपुट, ० ते १० व्होल्ट म्हणजे ० ते ५० हर्ट्झ, दुसऱ्या ड्राइव्हच्या इनपुटला दिला. तिथे जंपर अर्थातच व्होल्टेजवर. दोन्ही पॅनेलच्या कॉमनमध्ये ०.३ व्होल्टचा फरक पडला तरी दीड हर्ट्झची चूक होते. म्हणून मध्ये सिग्नल आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या ठेवून फक्त सिग्नल पुढे देणारा) हवाच. दुसऱ्या पंख्याचं प्रमाण कागदावर एक्झॉस्टच्या ८५ टक्के धरलं तरी शेवटी उदबत्तीनं ठरवायचं: दाराच्या फटीपाशी धूर किचनकडे वळला पाहिजे. डायनिंगकडे वळला तर ताजी हवा कमी करा. दोन्ही टोकांच्या वेगांना तपासा, कारण २५ हर्ट्झला जमलेलं ५० ला जमतंच असं नाही.

या सिग्नलचं व्होल्टेज मोजायचं ते पहिल्या ड्राइव्हपाशी नाही, दुसऱ्या ड्राइव्हच्या टर्मिनलवर. समुद्राजवळ तारेच्या टोकाला हिरवा गंज धरतो आणि मधेच व्होल्ट हरवतात. टिन केलेली फेरूल (तारेच्या टोकावरची धातूची नळी) वापरा, ग्लँड (केबल आत घ्यायची जागा) पॅनेलच्या खालून घ्या. पावसाळ्यात बंद राहिलेलं रेस्टॉरंट ऑक्टोबरमध्ये उघडताना ड्राइव्ह लगेच चालू करू नका. आधी मोटरच्या तारा ड्राइव्हमधून सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावा. रीडिंग १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर वाळवा. तारा न सोडवता मेगर लावला तर ड्राइव्हच जातो. आणि सप्लाय बंद केल्यावर टर्मिनलला हात लावण्याआधी दहा मिनिटं थांबा, ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसवर (कॅपॅसिटरमध्ये) ५८० व्होल्टच्या आसपास साठलेले असतात.