ओल्या खडकावरची निळी वेल

भुयारी स्टेशनातल्या चित्राचा पहिला शत्रू पाणी, दुसरा लोखंडाची धूळ आणि तिसरा खुद्द प्रवासी, कारण त्याला पाहायला वेळ नसतो. चौथा, मार्कर घेऊन हिंडणारा हौशी कलावंत. पण त्याचं नाव यादीत घालायची गरज नाही, ते तो स्वतःच जागोजागी लिहून ठेवतो.

स्टॉकहोमच्या मेट्रोत शंभर स्टेशनं आहेत आणि त्यांतल्या नव्वदहून अधिक स्टेशनांत कलाकृती आहेत. मेट्रोचे तिन्ही रंगांचे मार्ग एकत्र येतात ते एकच ठिकाण, टे-सेंट्रालेन. तिथला निळ्या मार्गाचा फलाट 1975 साली सुरू झाला. तो खडक फोडून काढलेला आहे. भोकं पाडून सुरुंग लावायचे, सैल झालेले दगड पाडून घ्यायचे, लोखंडी बोल्ट ठोकून छत बांधून ठेवायचं आणि वर काही सेंटीमीटर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, मारायचं. याच्या पुढे सहसा आतून दुसरं गुळगुळीत आवरण घालतात आणि खडक झाकून टाकतात. निळ्या मार्गावर ते घातलंच नाही. गुहेचे उंचवटे आणि खळगे तसेच ठेवले आणि रंग थेट त्या खडबडीत काँक्रीटवर चढला.

पेर ऊलॉफ उल्टवेट या कलावंताने तिथे पांढऱ्यावर निळी वेल चढवली. जाड देठ, मोठी पानं, दोनच रंग. बारकाव्यांच्या वाटेला तो गेला नाही आणि ते शहाणपणाचं झालं. या स्टेशनात माणूस गाडी बदलायला येतो, पाटीवर नजर ठेवून झपाझप चालतो. त्याला डोळ्यांच्या कडेतूनही जाणवेल एवढंच तिथे टिकतं. निळा रंगही त्याने या धावपळीत मन जरा शांत व्हावं म्हणून निवडला. छताच्या एका भागात वेल नाही, तिथे वेल्डर, सुतार, रंगारी अशा माणसांच्या निळ्या छायाकृती आहेत. स्टेशन ज्यांनी बांधलं तेच त्याच्या छतावर. उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीवर मंत्र्याखाली ठेकेदार एवढीच उतरंड पाहायची सवय असलेल्या आपल्याला हे जरा चुकल्यासारखं वाटतं.

आता पाणी. खडकाच्या भेगांतून ते येतच राहतं, त्याला अडवून उपयोग नाही. शॉटक्रीटच्या मागे पाणी साचलं तर दाब वाढतो आणि थर खडकापासून सुटायला लागतो, म्हणून मागून वाट काढून ते खाली गटारात सोडावं लागतं. ही वाट चुन्याने बुजली की पाणी पुढून येतं. आधी पांढरट क्षार फुलतात, मग रंगाचे पोपडे सुटतात, आणि ओल्या जागी चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेली लोखंडी धूळ बसून काळपट डाग पडतो. नुसता रंगाचा हात देऊन हा डाग जात नाही. वाट मोकळी केल्याशिवाय रंगवलं तर तो पुन्हा तिथेच उमटतो. अजिंठ्यात बेसाल्टवर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग, असा थर आहे. तिथेही पाझराने घात केलाच. दगड बदलला तरी पाण्याचा स्वभाव बदलत नाही.

उल्टवेटच्या वेलीचा एक फायदा असा की कडा ठळक आणि रंग सपाट असल्याने एखादं पान खराब झालं तर ते पुन्हा रंगवता येतं. ओस्टरमाल्मस्टोर्य स्टेशनात सिरी डेर्कर्टने 1965 साली वेगळा मार्ग काढला. तिथे रंगच नाही. काँक्रीटमध्ये गडद खडी घातलेली, वर सिमेंटची फिकट साय. वाळूचा जोरदार मारा करून रेघेपुरती ती साय उडवायची, की आतली खडी उघडी पडते आणि काळी रेघ दिसते. रेघ भिंतीवर नसून भिंतीत आहे, त्यामुळे पोपडा सुटायचा प्रश्नच नाही. पण चुकलेली रेघ खोडताही येत नाही. सुमारे 145 मीटरच्या फलाटासमोर, रुळांपलीकडच्या भिंतींवर, शांतता आणि स्त्रियांच्या हक्कांबद्दलची रेखाटनं आहेत, पर्यावरणावर लिहिणारी रेचल कार्सन आणि कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ यांची नावं आहेत, गाण्यांचे स्वर आहेत. गाडीची वाट पाहणारा उभा असतो, तो वाचू शकतो. गंमत म्हणजे हेच स्टेशन अणुयुद्धात आसराही घेता यावा असं बांधलेलं. फोटोत निळ्या मार्गावरच्या सोल्ना सेंट्रुम स्टेशनाचं लाल आकाश नेहमी भाव खाऊन जातं, पण भिंतीशी एवढं इमान राखलेलं काम शोधायचं तर मी डेर्कर्टकडेच बोट दाखवेन.

टे-सेंट्रालेनहून निळ्या मार्गाने एकच स्टेशन पुढे कुंग्सट्रेडगोर्डेन. 1977 साली उल्रिक सामुएलसोनने तिथे 1825 मध्ये जळून गेलेल्या माकालोस महालाची आठवण मांडली. लाल, पांढरी, हिरवी टेराझो (सिमेंटमध्ये दगडाचे तुकडे घालून घासलेली) जमीन म्हणजे बागेच्या वाटा, संगमरवरी पुतळे आणि हिरवळ. काही ठिकाणी खडक उघडाच ठेवला, त्यावरून पाणी झिरपतं आणि शेवाळ धरतं. या ओलीत लेसर्टिया डेंटिकेलिस नावाचा एक बारीक कोळी राहतो. स्वीडनमधलं त्याचं हे एकमेव ठाणं मानलं जातं.

पाहायला जायचं तर ऑफिसची गर्दी टाळा. एक साधं तिकीट 75 मिनिटं चालतं आणि तेवढ्यात ही तिन्ही स्टेशनं निवांत होतात. निळा मार्ग आता कुंग्सट्रेडगोर्डेनच्या पुढे वाढतो आहे. नव्या स्टेशनांसाठी कलावंतांना नकाशे तयार होतानाच वास्तुकारांसोबत बसवलं आहे. त्यांतलं सोफिया स्टेशन सुमारे 100 मीटर खोल असणार. सरकते जिने नाहीत, खाली-वर फक्त मोठ्या लिफ्ट. म्हणजे झपाझप चालणाऱ्या प्रवाशाच्या जागी तिथल्या चित्रकाराला दारासमोर घोळक्याने ताटकळणारा, आकड्यांकडे पाहणारा प्रवासी मिळणार आहे.